शिमग्याला वाळणारी भिंत

पाऊस ओसरला की या सदराच्या टपालात भिंती येऊ लागतात. कुणाच्या भिंतीवर काळे ठिपके, कुणाच्या पांढरी लव, कुठे रंगाला आलेला फुगा. यंदाही आल्या. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पत्रात मोजमापं लिहून पाठवली आहेत, आणि मोजमापं आली की अंदाज बांधावे लागत नाहीत.

प्रश्न : आमचं चिपळूणचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, पंधरा इंची भिंतींचं. २०२१च्या २२ जुलैला पूर आला तेव्हा घरात पाच फूट पाणी होतं. त्या वर्षी १० सप्टेंबरला गणपती होते. काही झालं तरी मूर्ती घरातच बसवायची, म्हणून गवंड्याने चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केला, खाली तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या आणि वर धुता येणारा महागातला रंग दिला. पुढच्याच पावसाळ्यात टाइल्सच्या वरच्या कडेला काळे ठिपके आले. पुसून पुन्हा रंग दिला. पुन्हा आले. आता रंगारी म्हणतो, बुरशीनाशक रंग देऊ, दहा वर्षं बघायला नको. देऊ का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नका देऊ. निदान या वर्षी तरी नाही.

तुमच्या पत्रातल्या तीन आकड्यांकडे बघा. पाणी चढलं पाच फूट. टाइल्स आहेत तीन फुटांपर्यंत. आणि २२ जुलै ते १० सप्टेंबर हे पन्नास दिवस. बुरशी नुसती पुराच्या ओलीमुळे आली असती तर ती पाच फुटांपर्यंत कुठेही दिसली असती. ती दिसते टाइल्सच्या कडेलगत, पट्ट्यासारखी. भिंतीतलं पाणी कुठून बाहेर पडतंय ते तिने रेघ मारून दाखवलं आहे.

जांभा हा भोकांचा दगड. चिरा हातात घेऊन बघितलात तर आरपार जाळी दिसते. असा दगड पाणी पितो आणि सावकाश सोडतो. सासऱ्यांनी बांधलेल्या घरात दर पावसाळ्यात जमिनीतून थोडी ओल जोत्यावर चढतच असणार. पण वर चुन्याचा गिलावा होता. त्यातून ती हवेत उडून जायची, चार महिने भिंत जरा गार लागायची, दिवाळीच्या सुमाराला घरातले पुन्हा चुन्याचा हात मारायचे, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पुरानंतर खालचे तीन फूट सिमेंट आणि टाइल्सनी बंद झाले. ओल टाइल्सच्या मागून वर चढते आणि पहिली मोकळी जागा मिळते तिथे डोकं काढते. ती जागा म्हणजे टाइलची वरची कड. तिथेही धुता येणारा रंग, म्हणजे वर प्लास्टिकची पातळ साय. मग पाणी त्या सायीमागे साठतं, रंग फुगतो, ठिपके येतात.

ठिपके दगड खात नाहीत. बुरशीला खायला लागते सेंद्रिय वस्तू, आणि ती आपणच भिंतीला लावून ठेवलेली असते. रंग दाट राहावा म्हणून त्यात घातलेला सेल्युलोजचा अंश, पुट्टीतला डिंक, भिंतीवर बसलेली धूळ, स्वयंपाकघरातून आलेला तेलकट धूर. बुरशीची बीजं म्हणजे बीजाणू हवेत बाराही महिने असतात, तुमच्या घरात, माझ्या घरात, इस्पितळात, देवळात. त्यांना कुणी हाकलू शकत नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट नसते, पाणी. ते मिळालं की २४ ते ४८ तासांत बीजाणू रुजायला लागतात. म्हणून पुरानंतरचे पहिले दोन दिवस गाद्या, कपडे, कागद बाहेर काढण्यात घालवावेत, सामान लावण्यात नाही.

आता त्या पन्नास दिवसांचं. जाड भिंत वाळायला लागणारा वेळ सांगणारा एक जुना ठोकताळा आहे: एक इंचाला एक महिना. ठोकताळाच तो, नियम नव्हे. पंधरा इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर प्रत्येक बाजूने साडेसात इंच, म्हणजे सात-आठ महिने. त्यातही जुलै-ऑगस्टचे कोकणातले दिवस हिशेबात धरू नयेत, त्या हवेत टॉवेल वाळत नाही तर भिंत काय वाळणार. म्हणजे तुमची भिंत शिमग्याच्या आसपास रंगासाठी तयार झाली असती. तुम्ही ती गणपतीला रंगवलीत. तुमच्या घाईला मी नावं ठेवत नाही. घरात चिखल असताना सणाची तारीख हाच एक धरायला खांब असतो, हे पूर पाहिलेल्या कुणालाही कळेल. पण गवंड्याने तरी सांगायला हवं होतं की बाई, यंदा मूर्ती उघड्या चिऱ्यांच्या भिंतीपुढे बसवू, टाइल्स उन्हाळ्यात लावू.

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीला लागणाऱ्या हिरवट-तांबूस चट्ट्यांचं काय करावं ते सविस्तर सांगितलं आहे. आधी घर रिकामं करायचं. मग ते सात दिवस बंद ठेवून चट्टे पसरतात का बघायचं. पसरले तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा चारी बाजूंनी खरवडायचा, नवे दगड, नवा गिलावा. तरीही चट्टे आले तर घर पाडायचं. इतक्या जुन्या काळी त्या लोकांनी क्रम बरोबर लावला होता. रंगाचा त्यात उल्लेखच नाही.

तुम्हाला घर पाडायचं नाही. काय करायचं ते दोन टप्प्यांत सांगतो.

आत्ता लगेच, फक्त सफाई. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने घासू नका, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. नाकाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना गॉगल. खिडकी उघडी आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून, म्हणजे हवा बाहेर जाईल. भिंतीकडे तोंड करून पंखा लावणारे बरेच असतात, ते बुरशीला सगळ्या घराचा दौरा घडवतात. भांडी घासायचा साबण पाण्यात घालून फडकं ओलं करा, पुसा, फडकं पिशवीत घालून टाकून द्या. टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांवर ब्लीच चालेल: चार लिटर पाण्यात कपभर घरगुती ब्लीच, थोडा वेळ ठेवून पुसून काढायचं. गिलाव्यावर मात्र ब्लीचचा फार उपयोग नाही. ते वरचा काळा रंग उडवतं, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं, आणि त्यातलं पाणी गिलाव्यात मुरतं. मेलेली बुरशीसुद्धा शिंका आणते, तेव्हा नुसती मारून चालत नाही, पुसून काढावी लागते. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नका. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणारा वायू जिवावर बेततो.

पुरानंतर वाटतात ती टीसीएल पावडर बरेच जण भिंतीच्या तळाशी चोळतात. विहिरीसाठी ती उत्तम. भिंतीसाठी वाईट, कारण तिच्यातलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. भिंत कोरडी करायला निघालेल्या माणसाने भिंतीला पाणी ओढणारं मीठ चोळायचं, म्हणजे उलटंच झालं.

दुसरा टप्पा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. त्याआधी एकदा घराभोवती फिरून या. पुराच्या गाळाने किंवा नंतर घातलेल्या काँक्रीटने अंगण जोत्याच्या बरोबरीला आलं आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का? मागीलदारी न्हाणीघराची मोरी कुठे जाते? यातलं काही असेल तर ते आधी. मग टाइल्स काढा. हो, सगळ्या. जीव तुटेल हे मला माहीत आहे. त्यांच्यामागचा सिमेंटचा गिलावाही काढा, आणि ठिपक्यांच्या दीड-दोन फूट वरपर्यंत जा. चिरे उघडे पडले की नायलॉनच्या ब्रशने सांधे साफ करा आणि भिंत तशीच सोडून द्या. शिमग्यापर्यंत. पाहुणे विचारतील. विचारू द्या.

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. उघडी भिंत वरून लवकर कोरडी होते, आत ओलीच असते. त्यासाठी फूटभर चौकोनी, जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत अजून पाणी सोडते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर ओल घरातल्या हवेची आहे. काहीच नाही जमलं तर गवंड्याला फोन करा. उघड्या चिऱ्यांवर चिकटपट्टी धरत नाही, तेव्हा कडांना ओल्या मातीचा लेप द्या. मी तसंच करतो.

पुन्हा गिलावा करताना निव्वळ सिमेंटचा नको. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण असे गवंडी आता कोकणातही शोधावे लागतात. नाही मिळाला तर सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ या प्रमाणात घ्यायला सांगा. हे मिश्रण कुठल्याही गवंड्याला जमतं आणि त्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो. वर चुना द्या. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर सहसा धरत नाही, आणि त्यातून ओल उडून जाते. हात फिरवला की पांढरा लागतो हा त्याचा दोष आहे. सासऱ्यांच्या काळात सगळे तो दोष सहन करायचे.

रंगाऱ्याच्या बुरशीनाशक रंगाबद्दल एवढंच: तो खोटा नाही. कोरड्या भिंतीवर तो काही वर्षं काम करतो. तुमची भिंत अजून कोरडी नाही.

प्रश्न : पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेडरूमच्या भिंतीवर छताजवळ कापसासारखी पांढरी बुरशी येते. पुसली की जाते, आठवड्याने पुन्हा. घरात दोन वर्षांचं मूल आहे, म्हणून धास्ती वाटते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : फोटो बघून मला वाटतं ती बुरशी नाही, लोणा आहे. विटा, वाळू आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे बारीक काटे मागे राहतात. खात्री करणं सोपं आहे. रात्री दिवा बंद करून टॉर्च भिंतीला समांतर धरा. लोणा असेल तर काटे चमकतात. बोटावर पाण्याचा थेंब घेऊन लावा: लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही, ती ओली होऊन लिबलिबीत पसरते. आणि बुरशीला वास असतो, बंद ट्रंकेसारखा कुबट. लोण्याला नसतो.

तेव्हा मुलाबद्दलची धास्ती सोडा. पण लोणा आला याचा अर्थ भिंतीतून पाणी येतं आहे, आणि आज लोणा आहे तिथे सहा महिन्यांनी बुरशी येऊ शकते. छताजवळ आहे म्हणजे एकतर वरच्यांचं बाथरूम, नाहीतर बाहेरच्या भिंतीतली भेग. ते ओळखायला एक साधी गोष्ट बघा. डाग पावसात वाढतो की बाराही महिने सारखा राहतो? पावसात वाढला तर दोष बाहेर. जानेवारीतही ओला असेल तर वरच्यांकडे जाऊन, गोड बोलून, त्यांच्या बाथरूमचा तळ बघा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारं पाणी संस्थेच्या अंगावर असतं आणि फ्लॅटच्या आतल्या नळ-मोऱ्यांची दुरुस्ती त्या सभासदाच्या. हे वाक्य पहिल्याच भेटीत म्हणू नका. तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा.

या बाबतीत मी शहाणपणा शिकवतो आहे, पण माझ्याच घरात एकदा अडीच वर्षं फसलो आहे. कोपऱ्यात कुबट वास यायचा. एका कंत्राटदाराने भिंतीला ओल रोखणारा थर दिला, पैसे घेतले, वास तसाच. दुसऱ्याने आणखी एक थर दिला. शेवटी कपाट हलवायचं ठरवलं तर त्याची मागची प्लायची फळी हातातच आली, ओल्या पापडासारखी, आणि तिच्यावर काळी-हिरवी मखमल. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं, मागे हवा खेळायला बोटभरही जागा नाही. घरातली दमट हवा त्या गार भिंतीला लागून आतल्या आत घामेजत होती. गळती कुठेच नव्हती. कपाट चार इंच पुढे ओढलं आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा त्याची दारं उघडी टाकू लागलो. दोन्ही कंत्राटदारांना मी बोलावलं नाही.

प्रश्न : करोनाच्या वेळी जी काळी बुरशी होती तीच ही भिंतीवरची का? माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि आमच्या घराची मागची खोली काळी पडली आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. आणि हा गोंधळ नावामुळे झाला आहे. २०२१च्या उन्हाळ्यात ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते तो म्युकरमायकोसिस, आणि तो करणारी बुरशी रंगाने काळी नसते. ती शरीरातल्या रक्तवाहिन्या बंद करते, त्या भागातलं मांस मरतं, आणि ते मेलेलं मांस काळं दिसतं. रोगाचा रंग बुरशीच्या नावाला चिकटला. भिंतीवर काळी दिसते ती बहुधा क्लाडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस जातीची असते. सतत भिजलेल्या कागदी किंवा लाकडी पृष्ठभागांवर स्टॅकिबॉट्रिस नावाचीही येते, आणि तिच्याबद्दल भयकथा फार फिरतात. रंगावरून कुठली बुरशी किती वाईट हे ठरत नाही. प्रयोगशाळेत नमुने पाठवून पैसेही घालवू नका. जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच असतं: पाणी थांबवणं आणि बुरशी काढणं.

पण वडिलांच्या बाबतीत मी सावधच राहायला सांगेन. रक्तातली साखर आटोक्यात नसणं आणि स्टेरॉइड्स चालू असणं, या दोन्हींमुळे शरीराची बुरशीला तोंड देण्याची ताकद कमी होते, आणि म्युकर जातीच्या बुरशा माती, कुजका पालापाचोळा, सडलेलं अन्न यांत असतातच. म्हणून पुराचा गाळ उपसताना किंवा काळी खोली साफ करताना त्यांना घरात ठेवू नका, नातेवाइकांकडे पाठवा. दम्याचे रुग्ण, लहान मुलं, केमोथेरपी चालू असलेली माणसं यांनाही तसंच. निरोगी माणसाला भिंतीवरच्या बुरशीने फार तर शिंका, डोळ्यांची आग, खोकला होतो. दमा असेल तर तो उसळतो, आणि ते किरकोळ नाही. ओलसर घर आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली खास मार्गदर्शक पुस्तिका काढून मांडला आहे.

खोली किती काळी पडली आहे तेही बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक साधा निकष आहे: साधारण १० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी साफ करावं. त्याहून जास्त असेल तर जाणकार माणूस बोलवावा. तुमची अख्खी खोली असेल तर स्वतः हात घालू नका.

बुरशीच्या नावाने नुसती बोटं मोडू नयेत म्हणून एक गंमत सांगतो. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीवर पडून पेनिसिलिन देणारी बुरशी बहुधा खालच्या मजल्यावरून आली. तिथे सी. जे. ला तूश नावाचे बुरशीतज्ज्ञ काम करत होते, आणि त्यांच्याकडच्या बुरशा गोळा केलेल्या होत्या दमेकऱ्यांच्या ओलसर घरांतून.

प्रश्न : ओल लवकर जावी म्हणून खोलीत रात्रभर शेगडी पेटवून ठेवली तर? शेजारी गॅसची शेगडी लावतात. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जाते का? (एक वाचक, महाड)

उत्तर : कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नका, हे आधी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस उठतच नाही. गॅसच्या बाबतीत तर गंमतच आहे. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे शेजारी रात्रभर खोली वाळवत नाहीत, तिला वाफारा देतात.

कापूर, धूप आणि डांबराच्या गोळ्या वास झाकतात. वास हीच तर बुरशीची पहिली वर्दी, ती झाकून काय मिळवणार? शंभर-दोनशे रुपयांच्या गोळ्या घेण्यापेक्षा थोडे पैसे घालून आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचं फारसं चालत नाही. कोकणात जुलैमध्ये ती सहज ८०च्या वर असते, त्यामुळे धो धो पावसात खिडक्या सताड उघड्या टाकून भिंत वाळत नाही. उघडीप मिळाली की उघडा, पाऊस आला की लावा. एसी असेल तर पावसाळ्यात तो थंडीसाठी नाही, पाणी काढण्यासाठी वापरा. त्यावर ड्राय असं बटण असतं. आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. हे सांगताना मला माहीत आहे की महाडला पावसाळ्यात कपडे वाळत घालायला दुसरी जागा नसते. मग निदान एकाच खोलीत घाला, तिचं दार लावून आणि पंखा खिडकीकडे तोंड करून.

प्रश्न : पुरात भिजलेली पुस्तकं आणि लग्नाचे अल्बम वाचतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाचतात, पण पहिल्या दोन दिवसांत. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची २०२१च्या पुरात झालेली हानी ज्यांनी बघितली आहे त्यांना भिजलेला कागद किती लवकर हातचा जातो हे सांगायला नको. पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून गाळ काढा. पानं वेगळी करायला जाऊ नका, फाटतील. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. कडक उन्हात नको, वाऱ्यावर. पुस्तकं पन्नास-शंभर असतील आणि एवढे हात नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशीची वाढ थांबते आणि वाळवायला वेळ मिळतो. जगभरचे ग्रंथसंवर्धक हेच करतात. दुकानदार ओळखीचा असेल तर आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये जागा मागा, लाजू नका.

अल्बममधले फोटो मात्र ओले असतानाच सोडवा. एकदा ते एकमेकांना चिकटून वाळले की पुढे काही होत नाही. स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक अलगद सुटू द्या, चित्र वर करून वाळवा. सुटणारच नसेल तर वरूनच मोबाइलने चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. कापसाच्या गाद्या, एमडीएफचं फर्निचर, पुराच्या पाण्यात बुडालेल्या उशा यांचा मोह सोडा. सागवानी कपाट आणि लोखंडी ट्रंक राहतील.

टपालाबद्दल एक विनंती. भिंतीचा फोटो पाठवताना त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूचाही पाठवा, आणि जमिनीपासून डाग किती फुटांवर सुरू होतो ते मोजून लिहा. या वेळी आलेल्या पत्रांपैकी ज्यांत हे नव्हतं त्यांना उत्तर देता आलेलं नाही.